बसण्यापुरती जागा

आठवडे बाजारात भज्यांची कढई मांडणाऱ्यांविषयी आपण सहसा दोनच प्रसंगी बोलतो. चव आवडली तर कौतुकाने आणि पोट बिघडले तर रागाने. हा एक व्यवसाय आहे, त्यालाही भांडवल, भाडे, फी, नोंदणी आणि तोटा असतो, हा विचार मात्र आपल्या सुशिक्षित मंडळींत फारसा होत नाही. मी नोकरीच्या निमित्ताने नंदुरबार तालुक्यातील धानोऱ्याला अनेक वर्षे ये-जा केली. तेथील बाजारात भजी विकणाऱ्या एका मावशींशी त्या काळात स्नेह जडला आणि त्यांचा हिशेब जवळून पाहावयास मिळाला.

हिशेब वहीत नव्हता, तोंडपाठ होता. डाळीचे पीठ, कांदा, मिरची, तेलाचा डबा, जळण, टेम्पोचे भाडे आणि बाजाराची पावती. मिरचीची चिंता नसे, कारण नंदुरबार म्हणजे मिरचीचेच गाव. चिंता तेलाची. २०२२ च्या आरंभी युक्रेनमध्ये युद्ध पेटले आणि सूर्यफुलाचे तेल अडले. त्यातच २८ एप्रिल २०२२ रोजी इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात थांबविली. ती बंदी मे महिन्यातच उठली, परंतु तेवढ्या अवधीत मावशींचे गणित पार कोलमडले. गिऱ्हाईक म्हणजे शेतमजूर; त्याच्या खिशातील दहाची नोट काही वाढलेली नव्हती. मावशींनी भाव वाढविला नाही, पुड्यातली भजी दोनाने कमी केली. ‘गुरुजी, गिऱ्हाईक मोजत नाही, पण त्याला कळतं,’ असे त्या म्हणाल्या तेव्हा त्यांचा चेहरा उतरलेला होता.

आता नियमांकडे वळू. अन्नसुरक्षा व मानके कायदा २००६ चा. त्याखालील नियम २०११ साली अमलात आले, तेव्हा वर्षाला बारा लाखांपर्यंत उलाढाल असणाऱ्या छोट्या विक्रेत्याला परवान्याची सक्ती न करता केवळ नोंदणी पुरेशी ठरविली गेली आणि तिचे शुल्क वर्षाला शंभर रुपये ठेवले गेले. रक्कम जाचक नव्हती, हे प्रामाणिकपणे म्हटले पाहिजे. परंतु अर्ज संगणकावर भरावयाचा, आणि तो भरून देणाऱ्याचा मेहनताना शुल्काहून अधिक! शिवाय अर्जात व्यवसायाची जागा विचारतात. आठवड्यातून चार गावी बसणाऱ्या बाईने कोणती जागा लिहावी? शेवटी घरचा पत्ता लिहिला गेला, जेथे विकण्यासाठी एकही भजे तळले जात नाही.

तळणीच्या तेलाचाही नियम आहे. १ जुलै २०१८ पासून त्यातील ध्रुवीय संयुगांचे प्रमाण २५ टक्क्यांपेक्षा अधिक असता कामा नये. ते मोजावयाचे तर उपकरण लागते. मावशींचे उपकरण म्हणजे त्यांचे डोळे आणि नाक: तेलाला फेस धरू लागला, रंग काळवंडला, की डबा बाजूला. हे पुरेसे शास्त्रीय नाही, तथापि मी पाहिलेल्या काही पक्क्या दुकानांपेक्षा हा डोळा अधिक कडक होता. वर्तमानपत्राच्या कागदात खाद्यपदार्थ बांधू नयेत, हा नियम मात्र मला मनापासून पटतो. छपाईची शाई पोटात जाणे कोणाच्याच हिताचे नाही. गंमत एवढीच, की खानदेशात पूर्वी पळसाच्या पानाचा द्रोण सर्रास असे. तो मागे पडून प्लास्टिक व रद्दी आली. मग २०१८ साली राज्याने प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी घातली, रद्दीवरही बंदी आली, आणि विक्रेत्याला पुन्हा पळस आठवू लागला. आता पाने खुडून द्रोण लावणाऱ्या म्हाताऱ्या उरल्या आहेत किती!

परंतु खरा प्रश्न बसण्याच्या जागेचा. १९८९ साली सोदान सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने रस्त्यावर विक्री करणे हा व्यवसाय-स्वातंत्र्याचाच भाग असल्याचे मानले, अर्थात वाजवी निर्बंधांसह. पुढे २०१४ साली पथविक्रेत्यांसाठी स्वतंत्र कायदा झाला. विक्रेत्यांचे सर्वेक्षण, विक्री प्रमाणपत्र, हटविण्यापूर्वी तीस दिवसांची नोटीस, नगर पथविक्रेता समितीत चाळीस टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचे आणि त्यांत एकतृतीयांश स्त्रिया. कागदावर तरी हे सारे चांगलेच आहे. पण हा कायदा महापालिका, नगरपालिका, नगरपंचायत यांच्यापुरता. ग्रामपंचायतीच्या बाजारात बसणाऱ्या मावशी त्याच्या कक्षेत येत नाहीत.

त्यांच्यासाठी दुसरी वाट आहे, असे वाटू शकते. नंदुरबार जिल्ह्याचा मोठा भाग अनुसूचित क्षेत्रात मोडतो, आणि १९९६ च्या पेसा कायद्याने अशा क्षेत्रांतील गावबाजारांचे व्यवस्थापन ग्रामसभा व पंचायतीकडे सोपविले आहे. ही तरतूद मी एकदा मावशींना उत्साहाने समजावून सांगितली. त्यांनी झारा कढईच्या काठावर ठेवला आणि आपल्या अहिराणीत म्हणाल्या, ‘गुरुजी, मना गावमा बाजारच नही.’

त्या एका वाक्यात सारे आले. बाजार गावाचा, पण बाजारात बसणारे परगावचे. ज्या ग्रामसभेने बाजाराची फी आणि जागा ठरवावयाची, त्या ग्रामसभेत मावशींना मत नाही; आणि जेथे त्यांना मत आहे, तेथे ठरविण्यासारखा बाजार नाही. पेसा लिहिणाऱ्यांचा हेतू उदात्त होता याविषयी मला शंका नाही, परंतु त्यांच्या डोळ्यांपुढे गावाचा रहिवासी होता, गावोगाव फिरणारा विक्रेता नव्हता.

याचा प्रत्यय त्यांच्या चार बाजारांपैकी एका बाजारात आला. त्या गावाचे नाव घेत नाही. ते धानोरा नव्हे. ग्रामपंचायतीला बाजार फीची वसुली लिलावाने ठेक्यावर देता येते. तेथे ठेकेदार बदलला. नव्याने मावशींची बारा वर्षांची जागा, रस्त्याच्या तोंडाची, दुसऱ्याला दिली आणि त्यांना मागे, जनावरांच्या बाजाराच्या कडेला बसविले. धूळ, माश्या, आणि गिऱ्हाईक निम्मे. अन्नसुरक्षेचा नियम म्हणतो, घाणीपासून दूर बसा. पावती फाडणारा म्हणतो, येथेच बसा.

मावशींजवळ जुन्या पावत्यांचा एक डबा होता. बारा वर्षांच्या नव्हेत, तरी पुष्कळ. त्यांवर रक्कम होती, कधी तारीख, जागेचा उल्लेख मात्र एकीवरही नव्हता. मी त्यांच्या वतीने अर्ज लिहिला. मागणी दोनच ओळींची: पावतीवर जागेचा क्रमांक घालावा, आणि फी व जागा ठरविताना परगावच्या विक्रेत्यांचे म्हणणे ऐकून घ्यावे. कार्यालयात अर्ज घेणाऱ्याने प्रथम रहिवासी दाखला मागितला. परगावच्या विक्रेत्याचा अर्ज आहे, असे मी मथळ्याकडे बोट दाखवून सांगितले, तेव्हा बऱ्याच वेळाने शिक्का मिळाला.

पुढच्या बाजारी मावशी जनावरांच्या कडेलाच बसलेल्या होत्या. पोच त्यांनी घडी घालून डब्यात, जुन्या पावत्यांच्या वर ठेवली होती. उत्तर आले का, असे मी विचारले. त्यांनी मानेनेच नाही म्हटले, पिठात ओवा चुरडून टाकला आणि दोन गाई हाकीत येणाऱ्याला जरा पलीकडून जाण्यास सांगितले.