दोनशे पौंड

चांगल्या भयकथेतली झपाटलेली वस्तू स्वतःहून फारसं काही करत नाही. कुणाचा गळा आवळत नाही, रात्री-अपरात्री घरभर हिंडत नाही. ती नुसती असते, आणि जे काही करायचं ते घरातल्या माणसांना करू देते. डब्ल्यू. डब्ल्यू. जेकब्जच्या ‘द मंकीज पॉ’ या कथेतला माकडाचा वाळका पंजा असाच आहे. तो एका सैनिकाच्या खिशातून निघतो, या हातातून त्या हातात जातो, एकदा शेगडीत फेकला जातो, तिथून ओढून काढला जातो आणि मग दिवसेंदिवस दिवाणखान्यात पडून राहतो. १९०२ साली प्रसिद्ध झालेली ही छोटीशी कथा पुढे भयकथांच्या कितीतरी संग्रहांत गेली. तीन इच्छा पुऱ्या करणारी वस्तू आणि त्या इच्छांची भलतीच किंमत, एवढं सूत्र तर ती न वाचलेल्यांनाही ठाऊक असतं. मी ती वरचेवर वाचते, आणि दर वेळी माझं लक्ष पंजावरून ढळून एका रकमेवर जातं. दोनशे पौंड.

व्हाइट नावाचं तिघांचं कुटुंब आहे. म्हातारा, म्हातारी आणि हाताशी आलेला मुलगा हर्बर्ट. बाहेर गारठा, पाऊस. घर इतकं आडबाजूला की पावसात रस्त्याचा ओढा होतो. बापलेक बुद्धिबळ खेळतायत. म्हाताऱ्याच्या हातून मोठी चूक झाली आहे आणि ती पोराच्या लक्षात येऊ नये म्हणून तो वाऱ्याबद्दल बोलत सुटलाय. पोरगा ऐकल्यासारखं करतो आणि शांतपणे शह देतो. या घरात काय आहे, ते एवढ्यात कळतं. एकमेकांच्या लबाड्या ओळखून असलेली, एकमेकांना पुरून उरणारी माणसं आहेत ही. मग हिंदुस्थानात एकवीस वर्षं काढून आलेला सार्जंट-मेजर मॉरिस पाहुणा म्हणून येतो आणि त्याच्या खिशातून तो पंजा निघतो. एका फकिराने त्यावर मंत्र घातला आहे. माणसाच्या आयुष्यावर दैवाची सत्ता चालते आणि त्यात ढवळाढवळ करणाऱ्याच्या वाट्याला दुःख येतं, हे त्या फकिराला दाखवून द्यायचं होतं.

इंग्रजी कथांना अशा वस्तू आपल्याकडून न्यायची जुनी सवय आहे. विल्की कॉलिन्सच्या ‘द मूनस्टोन’मधला हिरा १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडलं त्या लुटीत, रक्त सांडून हाती आलेला. पण तिथे वाचकाला हिशेब लागतो. चोरीचा माल आहे, तो सुखाने नांदू देणार नाही. एम. आर. जेम्सच्या १९०४ च्या संग्रहातल्या एका कथेत समुद्राकाठच्या पडक्या अवशेषांत प्राध्यापकाला ब्राँझची शिट्टी सापडते, तो ती फुंकतो आणि मग त्याच्या खोलीतल्या रिकाम्या पलंगावरचं पांघरूण उठून बसतं. तिथेही नको तिथे हात घातल्याचं निमित्त आहे. व्हाइट मंडळींनी काय केलं? काहीच नाही. फकिराचा सिद्धांत तर आपल्या घराघरांतला आहे. बाळाच्या सहाव्या रात्री सटवाई येऊन कपाळावर लिहून जाते, म्हणून पूजेत कोरा कागद आणि लेखणी ठेवायची. पण सटवाईचं लिहिणं वाचता येत नाही आणि खोडताही येत नाही, आणि तीच त्यातली दया आहे. पंजा मात्र विचारतो, तुला काय हवं?

म्हाताऱ्याला काही सुचतच नाही. हवं ते सगळं आपल्यापाशी आहे, असं त्याला वाटतं. या एका वाक्यामुळे ही कथा मला हावरेपणाची वाटत नाही, आणि शाळेत तिचं तात्पर्य तसं सांगतात तेव्हा वाईट वाटतं. दोनशे पौंडांची कल्पना हर्बर्टची असते. घराचं तेवढं देणं फिटलं की बाबा निवांत होतील, एवढाच त्याचा विचार. म्हातारा पंजा उचलून इच्छा बोलतो तेव्हा हर्बर्ट पियानोवर बसून गंभीर सूर वाजवत असतो, थट्टेने. स्वतःच्या मरणाची रक्कम तो स्वतः सुचवतो आणि वर तिला साथही करतो. भुताखेतांची कितीही वर्णनं मी सहज पचवते. हे मात्र नाही.

दुसऱ्या दिवशी एक उंची कपड्यातला माणूस फाटकापाशी येतो. तीनदा थांबतो, चौथ्यांदा आत शिरतो. त्याला बघून म्हातारी घाईघाईने ॲप्रन सोडते आणि खुर्चीच्या उशीखाली दडवते. पाहुण्यासमोर नीटनेटकं दिसायला हवं, आणि कोण जाणे, हाच ते दोनशे पौंड घेऊन आला असेल. हर्बर्टला खूप लागलंय, असं तो सांगतो, पण आता त्याला काही वेदना नाहीत. म्हातारी देवाचे आभार मानायला तोंड उघडते, आणि अर्ध्यावरच तिला त्या शब्दांचा अर्थ कळतो. मुलगा यंत्रात सापडलेला असतो. कंपनी कसलीही जबाबदारी मानत नाही, पण त्याच्या सेवेची कदर म्हणून काही रक्कम देऊ इच्छिते. किती? दोनशे पौंड.

१९०२ च्या इंग्रज वाचकाला ही रक्कम ओळखीची वाटली असणार, असं मला वाटतं. ब्रिटनमध्ये १८९७ साली कामगार नुकसानभरपाईचा कायदा झाला होता. त्याआधी मालकाचा हलगर्जीपणा सिद्ध करता करता मेलेल्याच्या घरच्यांचा जीव मेटाकुटीला येई. या कायद्याने ती अट काढली. कामगार कामावर मेला आणि घर सर्वस्वी त्याच्यावर अवलंबून असेल, तर त्याची तीन वर्षांची कमाई किंवा दीडशे पौंड, यांतली मोठी रक्कम द्यायची, पण तीनशेच्या वर जायचं नाही. जेकब्जचे दोनशे पौंड या मर्यादेत अगदी चपखल बसतात. जेकब्ज लंडनच्या वॉपिंगमधल्या धक्क्यावर काम करणाऱ्या माणसाचा मुलगा होता. १८९९ पर्यंत त्याने पोस्टाच्या बचत बँकेत कारकुनी केली. आपल्या रत्नाकर मतकरींनीही गूढकथा लिहिता लिहिता वीसेक वर्षं बँकेत नोकरी केली. दिवसभर लोकांच्या शिलकीचे आकडे मांडणाऱ्या माणसाला पैशाच्या आत काय दडलेलं असतं, ते जास्त दिसत असावं.

भरपाईचा कायदा आपल्याकडे १९२३ मध्ये आला. भरपाईच्या कायद्यात एक तक्ता आहे. डाव्या बाजूला वय, उजव्या बाजूला गुणक. सोळा वर्षांचा असेल तर २२८.५४. वय एकेका वर्षाने वाढत जातं, गुणक उतरत जातो, आणि पासष्ट किंवा त्यापुढे तो ९९.३७ होतो. कामावर मृत्यू आला तर महिन्याच्या पगाराची निम्मी रक्कम घ्यायची आणि या गुणकाने गुणायची. हा तक्ता आवश्यक आहे, आणि कुणीतरी झगडल्याशिवाय तो कायद्यात आला नाही, याबद्दल माझ्या मनात आदरच आहे. त्याच्याविना कित्येक घरं रस्त्यावर आली असती. तरीही दशांश चिन्हाच्या पुढचे ते दोन आकडे वाचताना अंगावर काटा येतो. नारायण धारपांच्या कुठल्याही कथेने मला इतकं घाबरवलेलं नाही. धारपांच्या कथांत वेळेवर धावून येणारे समर्थ असतात. तक्त्यात कुणी येत नाही.

माझ्या मावशीचा मुलगा औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात प्रेसवर होता. तो गेला तेव्हा तेविशीत होता. पुढे रीतसर कागद झाले, पैसे आले. थोरल्या मामांनी ते बँकेत मुदत ठेवीत टाकले आणि पावती मावशीच्या हातात दिली. ती पावती आजवर तिच्या लोखंडी कपाटाच्या आतल्या खणात आहे, दुधाच्या पिशवीच्या जाड प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली. मुदत संपली की मावशी बँकेत जाते, नूतनीकरण करून घेते, नवी पावती आणते आणि त्याच प्लॅस्टिकमध्ये ठेवते. व्याजही ती काढत नाही. पावसाळ्यात माजघर गळायला लागलं तेव्हा तिने पतपेढीचं कर्ज काढलं. मुलीचं लग्न ठरलं तेव्हा भाऊबंदांपैकी कुणीतरी हलक्या आवाजात पावतीचा विषय काढला. मावशी तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “त्याला मोडून हिच्या अंगावर सोनं घालू होय?” पुन्हा कुणी तो विषय काढला नाही. त्या घरात वावरणाऱ्या प्रत्येकाला कपाटाच्या त्या खणाची जाणीव असते. लहान मुलंसुद्धा तिथली किल्ली खेळायला घेत नाहीत, आणि त्यांना कुणी कधी दटावल्याचं मला आठवत नाही.

झपाटलेली वस्तू म्हणतात ती ही. तिच्यावर कुणी मंत्र घातलेला नाही. एक माणूस रकमेत बदलला गेला आणि ती रक्कम घरात येऊन राहिली, एवढंच झालं आहे. उत्तम भयकथा याच्या पुढे फक्त एक पाऊल टाकते. रक्कम उलट फिरवून माणूस परत मागता येईल का, असं विचारते.

व्हाइटची बायको तेच मागते. पुरल्याला आठवडा झालेला असतो. रात्री खिडकीपाशी रडता रडता तिला आठवतं की अजून दोन इच्छा शिल्लक आहेत. म्हातारा हादरतो, कारण त्याने यंत्रातून काढलेला देह पाहिलेला आहे. केवळ कपड्यांवरून ओळख पटली होती. पण ती ऐकत नाही, आणि तो इच्छा बोलतो. कब्रस्तान दोन मैलांवर आहे, तेव्हा वेळ लागतो. मग दारावर थाप पडते. ती जिना उतरून धावते, वरच्या कडीला हात पुरत नाही म्हणून खुर्ची ओढते. तो अंधारात जमिनीवर चाचपडत पंजा शोधतो, आणि तिसरी इच्छा उच्चारतो.

इथे बहुतेक वाचक म्हाताऱ्याच्या बाजूने असतात. दाराबाहेर जे उभं आहे ते आत येऊ नये, असंच आपल्यालाही वाटत असतं, आणि जेकब्जची सगळी कारागिरी आपल्याला तसं वाटायला लावण्यात आहे. मी आईच्या बाजूने आहे. तिला भीती वाटत नाही, याचं कारण ती वेडी झाली आहे असं नाही. तिच्यापुढे प्रश्नच वेगळा आहे. कंपनीच्या माणसाने तिला रक्कम सांगितली, तिचं म्हणणं विचारलं नाही. भरपाईच्या कामात वय विचारतात, पगार विचारतात, अवलंबून कोण कोण आहे ते विचारतात, आणि ते विचारावंच लागतं. तुम्हाला काय हवं, हे विचारणारा रकाना कुठल्याच अर्जात नसतो, कारण उत्तर देणं कुणाच्याच हातात नाही. संपूर्ण कथेत हा प्रश्न विचारणारा एकटा तो वाळका, किळसवाणा पंजा आहे. म्हातारीने त्याचं खरं उत्तर दिलं, आणि ते तिला घेऊ दिलं गेलं नाही. म्हाताऱ्याचा नाइलाज मला समजतो. त्याने दयेपोटीच ते केलं असेल. तरी तिसरी इच्छा त्याने तिला न विचारता खर्च केली, ही गोष्ट मी विसरू शकत नाही.

एकदा मावशीकडे गेले असताना ही कथा तिला सांगितली. सांगावी की नाही, याचा बराच विचार केला होता. पण तिला गोष्टी आवडतात, आणि जपून बोलणाऱ्यांचा तिला कंटाळा आला आहे, हेही मला ठाऊक होतं. ती शेंगा सोलत ऐकत होती. दारावरची थाप आली तेव्हा हात थांबले नाहीत. संपल्यावर तिने विचारलं, “आणि त्या दोनशेचं काय केलं त्यांनी?”

मला सांगता येईना. घरी येऊन मी पुन्हा पुस्तक काढलं. कथेत ते कुठेच नाही. कंपनीचा माणूस रक्कम सांगतो, आणि त्यानंतर ते पैसे हातात आले का, घराचं देणं फिटलं का, याबद्दल जेकब्जने एक अक्षर लिहिलेलं नाही. इतक्यांदा वाचूनही हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. मावशीला फोन करून तसं सांगितलं.

“ठेवले असतील तसेच,” ती म्हणाली. मग म्हणाली, पुढच्या आठवड्यात पावतीची मुदत संपतेय, तुला सुट्टी असेल तर बँकेत येशील का माझ्याबरोबर? हल्ली तिथले फॉर्म फार बारीक अक्षरात असतात.