पुस्तके निवडताना

आमच्या धाकट्या मुलाला आम्ही शाळेतून काढले, ही बातमी दोन दिवसांत साऱ्या वाडीत पसरली. रविवारी मिस्सानंतर चर्चच्या पायऱ्यांवर जो तो एकच प्रश्न विचारी, "मग पुढे काय?" मुलगा तेव्हा नऊ वर्षांचा होता. वाचताना तो अडखळे आणि वर्गात त्याचे हसे होई. शेवटच्या सहामाहीत तर सकाळी गणवेश अंगावर चढवला की त्याला उलटी होऊ लागली. शिक्षकांना भेटून झाले, शिकवणी लावून झाली. अखेर काही वर्षे तरी त्याला घरीच शिकवावे, असे आम्ही उभयतांनी ठरविले. थोरली मुलगी त्याच शाळेत आनंदाने जाते. तेव्हा शाळेशी आमचे वैर नाही, हे आधीच सांगितलेले बरे.

दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६५ साली ख्रिस्ती शिक्षणावरील घोषणापत्रात आईवडिलांना मुलांचे पहिले व प्रमुख शिक्षक म्हटले आहे. विवाहपूर्व शिबिरात हे ऐकून आम्ही मान डोलावली होती. आता ती जबाबदारी खरोखरच अंगावर आली, तेव्हा मात्र आमचे धैर्य खचले. मुलाला शिकवायचे, पण काय आणि कोणत्या पुस्तकांतून?

घाबरलेल्या माणसाला भरगच्च गोष्टीचा आधार वाटतो. एका नातेवाइकांकरवी आम्ही अमेरिकेतील कॅथलिक कुटुंबांसाठी तयार केलेला वर्षभराचा अभ्यासक्रम मागविला. खोके उघडले तेव्हा डोळे दिपले. सुबक बांधणीची पुस्तके, दिवसवार आखलेले पाठ, संतांची सचित्र चरित्रे! आम्ही जेवणाच्या टेबलावर घड्याळ ठेवले आणि नऊच्या ठोक्याला शाळा भरवू लागलो. गणितात तिकडची नाणी होती, निसर्गपाठात बर्फ होता आणि सारे काही इंग्रजीत होते. मुलगा निमूटपणे बसे. तिसऱ्या महिन्यात एके सकाळी त्याला टेबलाशीच उलटी झाली.

त्या दिवशी आम्ही पुस्तक मिटले. ज्या भीतीपासून त्याला सोडवून आणले, तीच आम्ही घरात आणून बसविली होती. पुस्तके आम्ही मुलासाठी निवडलीच नव्हती. पायऱ्यांवरच्या प्रश्नाला उत्तर म्हणून निवडली होती.

पुढचे पंधरा दिवस आम्ही काहीच शिकविले नाही, केवळ पाहिले. सुकेळ्यांचा हंगाम होता. राजेळी केळी सोलून आजी उन्हात घाली आणि मुलगा दिवसभर तिच्या मागे असे. सुकताना केळ्यांचे वजन किती घटते, हे त्याने आपणहून तराजूवर तोलून भिंतीवर खडूने लिहिले. आजीची बोली सामवेदी. तिचे जे शब्द पुस्तकात सापडत नाहीत, ते तो एका वहीत उतरवू लागला. त्याने स्वेच्छेने लिहिलेल्या त्या पहिल्या ओळी.

मग निवड सोपी झाली. भाषा आणि गणित यांसाठी बालभारतीची पुस्तके घेतली. ती स्वस्त आहेत आणि संकेतस्थळावर विनामूल्यही मिळतात. गणिताचे पुस्तक त्याच्या इयत्तेचे, वाचनाचे मात्र एक इयत्ता मागचे. घरी त्याबद्दल कोणी हसत नाही. संध्याकाळी आम्ही फादर स्टीफन्स यांच्या ख्रिस्तपुराणातील थोड्या ओव्या मोठ्याने वाचतो. १६१६ साली छापलेला हा ग्रंथ ऐकण्यासाठीच रचलेला. अडखळणाऱ्या मुलाला कानाने ऐकलेली ओवी चटकन पाठ होते. खोक्यातील संतचरित्रे इंग्रजीसाठी ठेवली, बाकीची पुस्तके बांधून माळ्यावर टाकली.

परीक्षेची चिंता सर्वांनाच असते. २००९च्या शिक्षण हक्क कायद्यात घरच्या शाळेचा स्पष्ट उल्लेख नाही, त्यामुळे मनात धाकधूक राहतेच. परंतु चौदा वर्षे पूर्ण झाल्यावर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून दहावीला बसता येते. पाच विषय, वर्षातून दोनदा परीक्षा आणि पाच वर्षांत नऊ संधी. सतरा नंबरचा फॉर्म भरून राज्य मंडळाच्या परीक्षेला बसण्याची वाटही आहे. कोणती धरायची, ते मुलगा मोठा झाल्यावर त्याच्याशी बोलूनच ठरवू.

आज तो अकरा वर्षांचा आहे. अजून सावकाशच वाचतो, पण वाचायला घाबरत नाही. मात्र शाळेची गाडी परतताना तो फाटकाशी जाऊन उभा राहतो, हे आम्ही पाहतो. रविवारच्या धर्मशिक्षण वर्गात त्याला सोबती मिळतात. ते पुरेसे नाही, हे आम्हांला कळते. त्याची सोय कोणत्याही खोक्यातून येत नाही.

दर जून महिन्यात आम्ही सारी पुस्तके पुन्हा टेबलावर मांडतो. आता मात्र निवडायला तोही आमच्याबरोबर बसतो. एखादे पुस्तक चाळून तो गप्प झाला, तर ते आम्ही मुकाट्याने बाजूला ठेवतो.