दादाची जुनी गाडी आणि मागची सीट



रक्तदाब-साखर सोडून डॉक्टरबाई आज गाड्यांवर कुठे घसरल्या, असं तुम्हाला वाटेल. पण शेवटपर्यंत वाचा. विषय छातीचा आणि पोटाचाच आहे.

माझा मामेभाऊ अमेरिकेत डेट्रॉइटजवळ राहतो. सगळी नोकरी मोटारींच्या धंद्यात झाली, आता निवृत्त आहे. त्याचा जीव की प्राण म्हणजे १९६६ ची पॉन्टिॲक जीटीओ. तिकडे अशा गाड्यांना ‘मसल कार’ म्हणतात. मध्यम आकाराच्या गाडीत मोठ्या गाडीचं इंजिन बसवायचं, की झाली मसल कार. १९६४ मध्ये पॉन्टिॲकने हे केलं आणि मग लाटच आली. दादाने त्यात स्वतःची भर घातली होती: नवा कॅमशाफ्ट, नवा एक्झॉस्ट, पाच गिअरचा गिअरबॉक्स. त्याच्या मुलाकडे मात्र आजच्या काळातली डॉज चार्जर स्कॅट पॅक. गंमत म्हणजे दोन्ही इंजिनं व्ही-८ आणि दोन्ही साधारण ६.४ लिटरची.

मी गेले तेव्हा ऑगस्ट महिना होता. डेट्रॉइटच्या वुडवर्ड ॲव्हेन्यूवर तेव्हा जुन्या गाड्यांची मोठी जत्रा भरते. घरात बाप-लेकाचा रोजचा वाद: कोणाची गाडी भारी? कागदावर जीटीओचं मूळ इंजिन ३३५ अश्वशक्तीचं, चार्जरचं ४८५. पण तेव्हा इंजिन बाकीच्या लवाजम्याशिवाय, सुटं मोजत. १९७२ पासून अमेरिकेत ते एक्झॉस्ट, अल्टरनेटर वगैरे लावून मोजू लागले. म्हणजे जुना आकडा फुगलेला. दोन लॅबचे वेगवेगळ्या पद्धतींनी केलेले रिपोर्ट शेजारी ठेवू नका, असं मी तुम्हाला सांगते ना, तसंच हे.

मी दोन्ही गाड्यांत बसले. जीटीओत ताशी ८० लाच छाती धडधडते. आवाज, पेट्रोलचा वास, सीटमधून येणारी थरथर. चार्जरमध्ये १२० झाले तरी कळलं नाही. हा गुण मी जुन्या गाडीला देईन: ती आपला वेग लपवत नाही. नवी गाडी ताकद इतक्या गुपचूप देते की चालवणाऱ्याला तो स्वतः फार हुशार आहे असं वाटू लागतं.

मग सिग्नल लाल झाला. दादाने ब्रेक दाबला आणि गाडी सावकाश, किंचित एका बाजूला ओढत थांबली. चारही चाकांना ड्रम ब्रेक, तेही एकाच सर्किटवर. एका ठिकाणी गळती झाली की सगळे ब्रेक गेले. मी गाडीकडे नीट पाहू लागले. डोक्यामागे आधार नाही. पट्टा फक्त कमरेचा. स्टीअरिंगचा दांडा सरळसोट, आघातात न दबणारा. आणि दुसऱ्या दिवशी मागच्या सीटवर नऊ वर्षांचा नातू बसणार होता.

मला इंटर्नशिपमधला एक जीपचालक आठवला. कॅज्युअल्टीत तो बोलत बोलत आला होता. छातीवर फक्त स्टीअरिंगचा गोल वळ. संध्याकाळपर्यंत तो गेला. गाडी थांबते, छाती थांबते, पण आतलं हृदय आणि रक्त पुढे जातच राहतं. महाधमनी कमानीनंतर एका जागी बांधलेली असते. झटका बसला की ती बहुधा तिथेच फाटते. दबणारा स्टीअरिंगचा दांडा जीटीओत पुढच्याच वर्षी, १९६७ ला आला.

नुसता कमरेचा पट्टा मुलाच्या पोटात रुततो. आतडी आणि मणक्याला इजा होऊ शकते. मुलाला उंच करणारी बूस्टर सीटही खांद्याच्या पट्ट्याशिवाय वापरता येत नाही.

रात्री जेवताना मी हे बोलले. दादा भडकला.

“अगं, तू डॉक्टर आहेस, मेकॅनिक नाहीस. इतकी वर्षं लोक याच गाड्यांतून फिरले की नाही?”

“फिरले. जे परत आले नाहीत, ते सांगायला नाहीत.”

“जत्रेत गाड्या मुंगीच्या पावलांनी चालतात!”

“आणि जत्रेपर्यंतचा रस्ता?”

दादा ताटावरून उठला. सकाळीही बोलला नाही. पण नातू चार्जरमध्ये बसला. जीटीओत दादाशेजारी मी बसले. चूकच होती माझी, पण काय करणार, तो आवाज मलाही आवडला होता.

२००९ मध्ये अमेरिकेतल्या विमा कंपन्यांच्या रस्ता-सुरक्षा संस्थेने १९५९ ची शेवरले बेल एअर आणि २००९ ची शेवरले मालिबू एकमेकींवर आदळवल्या. वेग दोघींचा ताशी सुमारे ६४ किलोमीटर. मालिबूच्या चालकाला पायाची किरकोळ इजा झाली असती. बेल एअरचा बहुधा वाचला नसता. “जुना पत्रा दणकट” म्हणतात, तो दणका आपल्या शरीरापर्यंत पोहोचतो. नव्या गाडीचा पुढचा भाग मुद्दाम चुरडतो आणि आपल्याला थांबायला थोडी जास्त जागा मिळते.

हिवाळ्यात दादाचा फोटो आला, सोबत एक शब्द नाही. पुढे डिस्क ब्रेक, दोन सर्किटचा मास्टर सिलिंडर, दबणारा स्टीअरिंगचा दांडा, चारही जागी खांद्यावरून जाणारे पट्टे. सांगाडा जुनाच, तेवढी उणीव राहणारच. पण जुन्या गाडीची ताकद वाढवायच्या आधी तिची थांबायची सोय करायला हवी, हे त्याला पटलं होतं.

तुमची गाडी कुठलीही असो, आज एवढं बघा. पट्ट्याचा खालचा भाग पोटावर नको, मांड्यांच्या वर हाडांवर हवा. वरचा भाग गळपट्टीच्या हाडाच्या मध्यावरून छातीवर यावा. काखेखालून घेऊ नका. डोक्यामागचा आधार डोक्याच्या वरच्या टोकाइतका उंच असू द्या. आणि मागच्या सीटवरचे पट्टे सीट कव्हरखाली गाडले गेले असतील, तर आजच बाहेर काढा.