सावकाश होऊ द्या : लहान जठराचे भौतिकशास्त्र

आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. चेन्नईच्या मद्रास डायबिटीज रिसर्च फाउंडेशनच्या पुढाकाराने झालेल्या या अभ्यासानुसार देशातील ११.४ टक्के प्रौढांना, म्हणजे सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे. २८.६ टक्के प्रौढांत सर्वसाधारण स्थूलता, तर ३९.५ टक्क्यांत पोटाची स्थूलता आढळली. त्याच्या एक वर्ष आधी, २०२२ मध्ये, वजन घटवण्याच्या शस्त्रक्रियेचे १९९१ पासूनचे निकष बदलण्यात आले होते. आशियाई व्यक्तींसाठी २७.५ इतक्या बॉडी मास इंडेक्सपासूनच हा पर्याय द्यावा, अशी शिफारस त्या वेळी पुढे आली. या आकड्यांवर पुष्कळ लिहिले गेले. शस्त्रक्रियेनंतर घरी परतलेल्या माणसाने पहिला घास कसा खायचा, याविषयी मात्र फारच थोडे. वास्तविक भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याला सर्वाधिक रस वाटावा असा प्रश्न तोच आहे.

चेन्नईतील जॉर्ज टाउन हा भाग या प्रश्नासाठी मोठा बोलका आहे. तिथल्या साहुकारपेठेचे नाव मराठी कानाला परके वाटत नाही. मिंट स्ट्रीटच्या अरुंद गल्ल्यांत कचोरी, जिलेबी, मुरुक्कूचे सँडविच असे पदार्थ उभ्याउभ्या, धक्के चुकवत खाल्ले जातात. जवळच एनएससी बोस रोडवर सराफ बाजार आहे. सांगली जिल्ह्यातील खानापूर, आटपाडी, तासगाव या दुष्काळी तालुक्यांतून गलाईच्या, म्हणजे सोने-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या धंद्यासाठी देशभर पांगलेली मराठी कुटुंबे अशाच बाजारपेठांच्या आसऱ्याने वसली. या धंद्यात जेवणाची वेळ भट्टी आणि गिऱ्हाईक ठरवतात. ताट समोर आले की दहा मिनिटांत संपवायचे आणि पुन्हा कामाला लागायचे, ही तिथली रीत. भराभर जेवणे हा अशा माणसाचा हावरटपणा नसतो. वेळ त्याच्या मालकीचा नसतो, एवढेच.

अशाच एखाद्या पंचेचाळिशीतल्या गलाई व्यावसायिकाची कल्पना करू. मधुमेह आहे, गुडघे दुखतात, रात्री श्वास अडकतो. डॉक्टरांनी स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी सुचवली आहे. या शस्त्रक्रियेत जठराचा बाहेरच्या वक्र बाजूचा सुमारे तीन-चतुर्थांश ते ऐंशी टक्के भाग काढून टाकतात. उरते ती एक अरुंद नळी. निरोगी जठर रिकामे असताना आक्रसलेले असते. अन्न येताच ते सैलावते आणि लिटर-दीड लिटरपर्यंत सामावून घेते. उरलेल्या नळीत साधारण १०० ते १५० मिलिलिटर मावतात. गॅस्ट्रिक बायपास या दुसऱ्या प्रचलित शस्त्रक्रियेत अन्ननलिकेच्या टोकाशी सुमारे ३० मिलिलिटरची पिशवी तयार करून ती थेट लहान आतड्याला जोडली जाते.

‘जठर लहान झाले म्हणून कमी खावे’ एवढाच अर्थ यातून काढणे अपुरे आहे. खरा बदल प्रमाणापेक्षा वेगाचा आहे. चेन्नईच्या रहिवाशांना पाण्याची लॉरी परिचयाची असते. घराखाली मोठी टाकी असेल तर लॉरी पंधरा मिनिटांत रिकामी करून घेता येते. पुढे दिवसभर नळ मंद धारेने चालतो. टाकी बादलीएवढी असेल, तर जेवढ्या वेगाने पाणी बाहेर जाते तेवढ्याच वेगाने आत घ्यावे लागते. जठराचा वरचा, घुमटासारखा भाग ही आपली साठवणीची टाकी. स्लीव्हमध्ये नेमका तोच भाग जातो. म्हणून घास गिळण्याचा वेग आणि नळीतून अन्न पुढे सरकण्याचा वेग यांचा मेळ घालणे ही खाणाऱ्याची जबाबदारी होते. पूर्वी हे काम जठर परस्पर करीत असे.

दाबाचा विचार केला तर हे अधिक स्पष्ट होते. आकारमान थोडे वाढवल्यावर दाब किती वाढेल, हे पिशवीच्या लवचीकतेवर अवलंबून असते. ताणला जाणारा घुमट काढून टाकल्यावर उरलेली नळी तुलनेने ताठ असते. त्यामुळे एखाददुसरा जादा घासही दाब चटकन चढवतो. मग छातीच्या मध्यभागी आवळल्यासारखे वाटते, उचकी लागते, नाक वाहू लागते, तोंडाला फेसाळ लाळ सुटते आणि अखेर उलटी होते. रुग्ण म्हणतो, “खाल्लेले पचले नाही.” पचनापर्यंत गोष्ट पोहोचलेलीच नसते. रांगेतल्या घासापुढे जागा नसते, इतकेच.

दुसरा प्रश्न कणांच्या आकाराचा. जठराचा खालचा भाग हे एक जाते आहे. मिनिटाला सुमारे तीन आकुंचने होत असतात. त्यांत अन्न घुसळले जाते आणि साधारण एक-दोन मिलिमीटरपर्यंत बारीक झालेले कणच जठराच्या दारातून पुढे सोडले जातात. गॅस्ट्रिक बायपासमध्ये अन्नाची वाट या जात्याला वळसा घालून जाते. स्लीव्हमध्ये जाते बरेचसे शाबूत राहते. परंतु तिथवर पोहोचण्याची वाट अरुंद झालेली असते. दोन्ही प्रकारांत दळणाचे काम वर, दातांकडे सरकते. चावणे ही आता शिष्टाचाराची बाब राहत नाही. ते एका अवयवाचे काम दुसऱ्या अवयवाने पत्करणे होय.

बारीक केल्याने काय साधते, हे गलाई करणाऱ्याला कोणी शिकवायला नको. अशुद्ध सोने शुद्ध करताना त्यात चांदी मिसळून वितळवतात आणि तो रस पाण्यात ओतून त्याचे दाणे पाडतात. मगच नायट्रिक आम्लात टाकतात. अखंड लगड टाकली तर आम्ल पृष्ठभागावरच झटत राहील. हिशेब सोपा आहे. एक सेंटीमीटर बाजूच्या घनाचे पृष्ठफळ ६ चौरस सेंटीमीटर असते. त्याचेच एक मिलिमीटर बाजूचे १००० घन केले तर एकूण पृष्ठफळ ६० चौरस सेंटीमीटर होते. वस्तुमान तेच, पण रासायनिक क्रियेला मिळणारी जागा दहापट. भट्टीपाशी जो नियम हा माणूस रोज पाळतो, तोच ताटावर बसल्यावर त्याला नव्याने शिकावा लागतो.

पचनाच्या संदर्भात ही गोष्ट प्रत्यक्ष पाहिली ती विल्यम ब्यूमाँट या अमेरिकी लष्करी डॉक्टरने. १८२२ मध्ये ॲलेक्सिस सेंट मार्टिन या तरुणाला बंदुकीची गोळी लागली. तो वाचला, परंतु पोटावर थेट जठरात उघडणारे छिद्र कायम राहिले. ब्यूमाँटने रेशमी दोऱ्याला अन्नाचे तुकडे बांधून त्या छिद्रातून आत सोडले, ठरावीक वेळाने बाहेर काढून तपासले आणि १८३३ मध्ये आपली निरीक्षणे ग्रंथरूपाने मांडली. अन्न जितके बारीक, तितके पचन सुकर, हा त्यातला एक निष्कर्ष होता. सेंट मार्टिनच्या वाट्याला आलेला प्रयोगवस्तूचा जन्म मात्र आजच्या नीतिनियमांत बसणारा नव्हता, हेही विसरू नये.

त्यानंतरच्या काळात होरेस फ्लेचर (१८४९–१९१९) या अमेरिकी गृहस्थाने चावण्याचा पंथच काढला. घास पातळ होईपर्यंत चावावा आणि त्यातून आरोग्याचे बहुतेक प्रश्न सुटतील, असा त्याचा दावा होता. विज्ञानाच्या वाचकाने या दोघांतील फरक ओळखावा. ब्यूमाँटने यंत्रणा पाहिली. फ्लेचरने यंत्रणेतल्या एका दुव्याला सर्वरोगहारी औषध ठरवले. आजही शस्त्रक्रियेनंतर ‘प्रत्येक घास २० ते ३० वेळा चावा, जेवणाला २० ते ३० मिनिटे द्या’ असे सांगितले जाते. सल्ला उपयुक्त आहे, पण तीस हा काही निसर्गाचा स्थिरांक नव्हे. मऊ इडलीला वेगळा आकडा, सुक्या चपातीला वेगळा. गिळण्याआधी जिभेला कण जाणवू नयेत, ही खरी कसोटी. आकडा मनाला थांबवण्यासाठी दिलेली काठी आहे.

सावकाश खाण्याचे दुसरे कारण संदेशवहनात आहे. जठराचा ताण मज्जातंतूंमार्फत मेंदूला कळतो. आतड्यातून जीएलपी-१ व पीवायवाय ही संप्रेरके स्रवतात. हे संदेश घासाबरोबर लगेच पोहोचत नाहीत, मागाहून येतात. शस्त्रक्रियेनंतर या दोन संप्रेरकांचा जेवणानंतरचा स्राव वाढतो. भूक वाढवणाऱ्या घ्रेलिनचा, ज्याचा शोध १९९९ मध्ये जपानमध्ये लागला, मुख्य उगम जठराच्या घुमटात असल्याने स्लीव्हनंतर त्याचे प्रमाण घटते. म्हणजे तृप्तीचा आवाज पूर्वीपेक्षा मोठा झालेला असतो. तो ऐकू येण्याइतके थांबणे तेवढे शिकायचे असते.

यातील एक गैरसमज मात्र दूर केला पाहिजे. नीट चावल्याने वजन घटतेच, असे नाही. मिंट स्ट्रीटवरची जिलेबी किंवा चावून भुगा झालेला मुरुक्कू नव्या नळीतून विनासायास उतरतो. अडकतो तो कोरडा भात, चपाती, रेषेदार मांस. म्हणजे जे सहज जाते ते योग्य, हा न्याय इथे लागू नाही. चावणे नळीचे रक्षण करते. वजनाचे रक्षण ताटातली निवड करते. म्हणून आधी प्रथिने, म्हणजे दिवसाला साधारण ६० ते ८० ग्रॅम, मग भाज्या, आणि जागा उरली तर भात, असा क्रम सांगतात. जेवताना व त्यानंतर अर्धा तास पाणी टाळण्यास सांगतात. रसम-भात काय किंवा आमटी-भात काय, घास पातळ करून गिळण्याची सवय दोन्ही घरांत सारखीच, आणि ती सोडणे सर्वांत अवघड.

म्हणूनच हे शिक्षण शस्त्रक्रियेच्या आधी सुरू व्हावे. नंतरचे दिवस द्रव आहाराचे, मग गाळलेल्या व मऊ अन्नाचे असतात. त्या नाजूक काळात चाळीस वर्षांची सवय मोडायला बसणे हे जखमेवर प्रयोग करण्यासारखे आहे. लहान चमचा, घास तोंडात असताना हात ताटाबाहेर, भट्टीपासून दूर बसून जेवणे, या गोष्टी महिनाभर आधी अंगवळणी पडल्या तर बरे. त्याही आधी दात तपासून घ्यावेत. दाढाच नसतील तर ‘नीट चावा’ हा उपदेश निरर्थक ठरतो.

इथे खरा धोका सांगितलाच पाहिजे. उलटी झाली की घरचे आणि रुग्ण स्वतः तिचा दोष घाईला देतात आणि गप्प बसतात. एखादी उलटी घाईने होऊ शकते. पण उलट्या दिवसेंदिवस चालू राहिल्या, पाणीही टिकेनासे झाले, तर त्यामागे नळी आक्रसल्यासारखे कारण असू शकते. शिवाय शरीरातील थायमिनचा, म्हणजे बी-१ जीवनसत्त्वाचा साठा काही आठवडेच पुरतो. तो संपला की दुहेरी दिसणे, तोल जाणे, गोंधळलेपण अशी मेंदूच्या विकाराची लक्षणे दिसू लागतात आणि उशीर झाला तर हानी कायमची होते. अशा वेळी शिस्तीचे धडे देण्यात दिवस घालवू नयेत. तातडीने शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांकडे जावे. बी-१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व यांची पूरक औषधे व तपासण्या तर जन्मभराच्या.

अशा माणसाची आई गावाहून फोन करते तेव्हा विचारते, “पोटभर जेवतोस न्हवं?” ‘पोटभर’ या शब्दात पिढ्यान्‌पिढ्यांच्या दुष्काळाची आठवण आहे. आता त्याचे पोट अर्ध्या वाटीत भरते आणि ताटात उरलेला भात पाहून बायको कासावीस होते. “अहो, एवढंच?” हा प्रश्न प्रेमाचाच असतो, आणि त्याला उत्तर म्हणून घेतलेला एक जादा घास त्याला मोरीपर्यंत पळवतो. शस्त्रक्रिया एका माणसाच्या जठरावर होते. जेवायला शिकावे लागते ते सगळ्या घराला.

मराठी पंगतीत यजमान हात जोडून “सावकाश होऊ द्या” म्हणत आला आहे आणि त्याच दमात आग्रहाचे वाढपही पाठवत आला आहे. या दोहोंतला पहिला शब्द तेवढा खरा मानायचा. अर्ध्या तासाची जेवणाची सुट्टी, बसायला जागा, ताटात उरलेल्याची चौकशी न करणारी माणसे, इतके मिळाले तर दातांना त्यांचे नवे काम निभावता येते. वाचणाऱ्या विद्यार्थ्यांनी आज एक सोपे मोजमाप करून पाहावे : आपल्या घरात कोण किती मिनिटांत जेवते आणि सर्वांत कमी मिनिटे कोणाच्या वाट्याला येतात. बहुतेक घरांत ती वाढणाऱ्या बाईच्या किंवा कामावर धावणाऱ्या माणसाच्या नावावर निघतील. स्थूलतेविषयीच्या राष्ट्रीय आकडेवारीत हा स्तंभ नसतो.