वणीहून मुरूडच्या किनाऱ्यावर

आम्ही वणीचे. आमच्याकडे द्राक्षांचे मळे आहेत, सप्तशृंगीचा डोंगर आहे, समुद्र नाही. दिवाळीच्या सुट्टीत मुरूडला गेलो, तेव्हा आमच्या अडीच वर्षांच्या धाकट्याने लाट प्रथमच पाहिली. "अम्मी, पानी भागा!" म्हणत तोही तिच्या मागे धावला.

सकाळी राजपुरीहून होडीने जंजिरा पाहून आलो. अरबीत 'जझीरा' म्हणजे बेट. त्यावरून किल्ल्याचे हे नाव. चहूबाजूंनी खारे पाणी, आत मात्र गोड्या पाण्याचे तलाव! अल्लाहची कुदरत पाहून थोरलीही थक्क झाली.

परत येऊन किनाऱ्यावर असरला उभे राहिलो. मुसाफिरीमुळे कसर, दोनच रकअती. आम्हा दोघांनाही वाटले, बाळ दुसऱ्याजवळ आहे. सलाम फेरला, तर तो गुडघाभर पाण्यात! एका कोळीणबाईने धावत जाऊन त्याला उचलले आणि आमच्या हाती दिले. रागावली नाही, "समुद्राला पाठ दाखवू नये," एवढेच म्हणाली.

त्यानंतर आम्ही पाळीपाळीने नमाज पढलो. एक मुसल्ल्यावर, दुसरा बाळामागे. लेकरू ही अल्लाहची अमानत. तिची राखण हीही इबादतच.