चित्रफितींचा खवा

घरांतील जुन्या चित्रफिती संगणकांत उतरवून घेण्याची चाल आतां कुटुंबाकुटुंबांतून पडत आहे, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु त्यापुढें जागेची अडचण उभी राहते. मिनी-डीव्ही फितीचा एक तास सुमारें १३ गिगाबाइट जागा व्यापतो. आमच्या धाराशिवच्या घरीं तासाभराच्या अशा वीस फिती निघाल्या, तेव्हां लहान प्रती करून मूळ पुसून टाकावें, असा धाकट्या मंडळींचा आग्रह पडला. आम्हांस तो मान्य झाला नाहीं.

आमचें म्हणणें खव्याच्या दृष्टान्तानें ध्यानांत येईल. आमच्या जिल्ह्यांतील कुंथलगिरीचा खवा प्रसिद्धच आहे. दूध आटवून खवा होतो. खव्यांत पाणी घालून पुन्हा दूध होत नाहीं. चित्राचेंही तसेंच. आपल्याकडील फितींत सेकंदास २५ चित्रें असतात. मागची भिंत प्रत्येक चित्रांत तीच. म्हणून २००३ सालीं निघालेली एच.२६४ ही पद्धति बहुतेक चित्रांपुरतें बदललें तेवढेंच टिपून ठेवते. एवढ्यानें भागलें नाहीं म्हणजे ती बारीक तपशील गाळूं लागते. गाळलेलें परत मिळत नाहीं, आणि प्रतीवरून प्रत काढावी तसतसें अधिक गळतें.

आमच्या आजीची, ओसरीवर बसून ओव्या म्हणतांनाची, एकच फीत आहे. तिची प्रत भ्रमणध्वनीवरून चार घरें फिरून, दर ठिकाणीं नव्यानें आटत, परत आली. ती पाहून काकू म्हणाल्या, "अरे, ह्या सासूबाई नव्हेत. त्यांच्या सुरकुत्या कुठें गेल्या?"

म्हणून प्रथम कापावें, मग आटवावें. आणि आटवावें तें एकदांच, मुळावरून. डीव्हीमध्यें प्रत्येक चित्र स्वतंत्र असल्यानें कोठेंही कापलें तरी बाकीच्यास धक्का लागत नाहीं. आटवितांना आकार बांधून देऊं नये, दर्जा बांधून द्यावा. एक्स२६४ ह्या मोफत साधनांत सीआरएफ नांवाचा आंकडा असतो. तो जितका लहान तितका दर्जा चांगला. १८ च्या आसपास ठेवल्यास साध्या डोळ्यांस फरक सहसा दिसत नाहीं. मग आजीच्या संथ चित्रास थोडी जागा पुरते. नळदुर्गच्या नर-मादी धबधब्यांच्या तुषारांस पुष्कळ लागते, ती मिळूं द्यावी.

मूळ मात्र दोन निराळ्या डिस्कांवर, दोन घरीं ठेवावें. वीस तासांचे २६० गिगाबाइट होतात. एक टेराबाइटच्या डिस्कचा बहुतेक भाग रिकामाच राहतो. लहान प्रती खुशाल वांटाव्या. आजीला न पाहिलेलीं पांच मुलें आज आमच्या घरांत आहेत. त्यांना तिचा चेहरा दाखवावयाचा तो मूळ फितीवरूनच.