उन्हाळ्यात गुरुजी काय वाचतात?

मे लागला की आमच्याकडे शिक्षकांच्या बातम्यांचा ढीग पडतो. बदल्यांचं पोर्टल, संचमान्यता, जुनी पेन्शन, टीईटी, अतिरिक्त शिक्षकांचं समायोजन. वीसेक वर्षं तालुक्याला वार्ताहर म्हणून काम करतोय, या सगळ्या बातम्या दरवर्षी लिहितो, आणि त्या लिहायलाच पाहिजेत. पण 'गुरुजी, सध्या काय वाचताय?' असा प्रश्न मी कुठल्याच पत्रकार परिषदेत ऐकलेला नाही. यंदा सुट्टी लागायच्या आठवड्यात तोच प्रश्न घेऊन दहा-बारा शाळांत फिरलो.

एक गुरुजी हसायलाच लागले. म्हणाले, "भाऊ, परिपत्रकं वाचून वाचून चष्म्याचा नंबर वाढला." दुसऱ्यांनी मोबाईल पुढे केला. ग्रुपवर एका दिवसात आलेले एकशे चाळीस मेसेज. तिसऱ्या एक बाई. पहिली-दुसरीचा वर्ग, पट बावीस. त्यांनी काही न बोलता पिशवीतून तीन पुस्तकं काढून टेबलावर ठेवली. कडा दुमडलेल्या, पानांवर पेन्सिलीच्या खुणा. त्या तीन पुस्तकांमुळंच ही पोस्ट लिहितोय. लांब आहे, पण निवांत वाचा.

आधी प्रश्न किती मोठा आहे ते सांगतो. 'असर'च्या पाहणीत ग्रामीण भागातल्या मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचायला देतात. देशभरातल्या सरकारी शाळांतल्या तिसरीच्या मुलांपैकी तो वाचू शकणारी २०१८ मध्ये २०.९ टक्के होती, कोरोनानंतर २०२२ मध्ये १६.३ टक्के, आणि २०२४ मध्ये २३.४ टक्के. सुधारणा आहे, नाही असं नाही. पण उलट बाजूनं बघा: चारातली तीन मुलं तिसरीत असूनही दुसरीचं वाचू शकत नाहीत. जुलै २०२१ मध्ये 'निपुण भारत' सुरू झालं तेव्हा २०२६-२७ पर्यंत तिसरीतल्या प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं, असं उद्दिष्ट ठेवलं होतं. ही मुदत आता दारात आली.

वाचायला शिकवणं ही सोपी गोष्ट आहे असं आपल्याला वाटतं, कारण आपण कधी शिकलो ते आपल्याला आठवत नाही. ते कौशल्याचं काम आहे. मुळाक्षरं ओळीनं पाठ झाली तरी मूल वाचत नाही. 'अ, आ, इ, ई' शिकून 'आई' सोडला तर कामाचा शब्द क्वचितच तयार होतो. त्याउलट क, म, न, ल ही चार अक्षरं आणि काना एवढंच घेतलं तरी काका, मामा, कान, नाक, मान, नाला, मला, कमान, कमाल एवढे शब्द पोराच्या हातात येतात. पहिल्याच आठवड्यात त्याला 'मला वाचता येतंय' असं वाटतं. अक्षरगटांची ही वाट फार जणांनी घासून-पुसून तयार केली आहे. अमेरिकेतून येऊन फलटणला स्थायिक झालेल्या मॅक्सीन बर्नसन यांनी १९८४ मध्ये प्रगत शिक्षण संस्था काढली आणि मराठी वाचन-लेखन मुलांना कसं शिकवावं यावर आयुष्य घातलं. पालघर जिल्ह्यात 'क्वेस्ट' ही संस्था आदिवासी भागातल्या शाळांबरोबर हेच काम करते. म्हणजे ज्ञान आपल्याकडे आहे, मराठीत आहे. ते आमच्या तालुक्यातल्या वर्गापर्यंत येत नाही एवढंच.

आता बाईंची तीन पुस्तकं.

पहिलं, गिजुभाई बधेकांचं 'दिवास्वप्न'. मूळ गुजराती, १९३०च्या दशकाच्या सुरुवातीचं. एक मास्तर चौथीच्या वर्गात प्रयोग करायला जातो आणि गोष्टी सांगण्यापासून सुरुवात करतो. साहेब विचारतात, अभ्यासक्रमाचं काय? जवळजवळ शंभर वर्षं झाली, साहेबांचा प्रश्न तोच आहे.

दुसरं, सिल्विया ॲश्टन-वॉर्नर यांचं 'टीचर', १९६३चं. न्यूझीलंडमध्ये माओरी मुलांना शिकवणाऱ्या या बाईंनी पाहिलं की छापील पुस्तकातले शब्द या मुलांचे नाहीतच. मग त्या रोज प्रत्येक मुलाला विचारायच्या, तुला आज कुठला शब्द पाहिजे? मूल सांगेल तो शब्द कार्डावर लिहून त्याच्या हातात द्यायचा. ज्या शब्दात मुलाचं प्रेम किंवा भीती असते, तो शब्द ते एकदा बघून विसरत नाही.

तिसरं, 'प्रिय बाई'. इटलीच्या डोंगरातल्या बार्बियाना नावाच्या वस्तीतल्या आठ मुलांनी मिळून लिहिलेलं, १९६७चं. नापास करून शाळेबाहेर काढलेल्या शेतकऱ्यांच्या पोरांनी बाईंना लिहिलेलं पत्र. त्यांच्या पाद्री गुरुजींच्या शाळेला सुट्टीच नसायची. कारण सरळ होतं. शिकलेल्या घरच्या मुलाला सुट्टीतही घरात भाषा मिळते, पुस्तकं मिळतात. गरिबाचं पोर सुट्टीत मिळालेलं गमावून बसतं.

हे वाचून मी थांबलो, कारण ही आमचीच गोष्ट आहे.

आमचा तालुका बीड जिल्ह्यातला. दिवाळी झाली की गावं रिकामी होतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून उचल घेतलेली, पोरं बरोबर. हंगामी वसतिगृहं आहेत, पण सगळी पोरं तिथं राहत नाहीत. पट्टा पडला की मंडळी परत येतात, कुणी शिमग्याला, कुणी पाडव्यानंतर. तोवर शाळा सकाळची झालेली असते, परीक्षा तोंडावर असते, आणि मे उजाडला की कुलूप. जूनच्या मध्यावर शाळा उघडते, दिवाळीला पोरं पुन्हा उसाच्या फडात. हिशेब करा. या पोरांच्या वाट्याला गावात राहायचे जे महिने येतात, त्यातला सगळ्यात मोकळा काळ म्हणजे मे. आणि नेमकी तेव्हाच शाळेतली सगळी पुस्तकं कपाटात, कपाटाला कुलूप, किल्ली गुरुजींच्या घरी दुसऱ्या तालुक्यात.

बाईंनी 'टीचर' वाचून गेल्या वर्षी कार्डं केली. लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठी कापून. फडावरून आलेल्या पोरांना विचारलं, कुठला शब्द पाहिजे? बावीस पोरांतून 'कमळ' कुणीच मागितलं नाही. 'कोयता', 'कोपी', 'ट्रॅक्टर', 'मुकादम' आले. एका पोरीनं 'आजी' मागितला, कारण आजी गावातच राहिली होती. एक पोरगा, जो वर्षभर अक्षराला अक्षर जोडत नव्हता, त्यानं 'कोपी' दुसऱ्या दिवशी ढिगातून बरोबर उचललं. बाई म्हणाल्या, "तिथून मला क सापडला, प सापडला, काय पाहिजे अजून?"

एका पुस्तकातून एवढं निघतं. आणि ते कुठल्याही प्रशिक्षणाच्या पीपीटीत नव्हतं.

आता कुणी म्हणेल, पुस्तकं आणायची कुठून? 'किशोर' मासिक बालभारती १९७१ पासून काढते. त्याचे जुने अंक बालभारतीनं नेटवर फुकट ठेवलेत. 'स्टोरीवीव्हर'वर मराठी चित्रगोष्टी मोफत उतरवून छापता येतात, पातळीनुसार लावलेल्या आहेत. अरविंद गुप्तांच्या संकेतस्थळावर खेळण्यांबरोबर मराठी पुस्तकंही आहेत. एक ए-फोर कागद तीनदा दुमडून एक काप दिला की आठ पानांचं छोटं पुस्तक होतं, त्यात पोराची स्वतःची गोष्ट लिहिता येते. आणि रद्दी! पेपरचे मथळे म्हणजे मोठ्या टाईपातली फुकटची अक्षरं. मी बाईंना महिन्याला एक गठ्ठा देतो. पोरं मथळे कापून नवी वाक्यं जुळवतात. परवा एकानं 'आमदार पाण्यात' असं जुळवलं होतं. आमच्या पेपरनं कधी इतका चांगला मथळा दिला नाही.

आता गुरुजींच्या बाजूनं. सुट्टी त्यांच्या हक्काची आहे, यात वाद नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ नं जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून इतर अशैक्षणिक कामं त्यांना लावू नयेत असं सांगितलंय, तरी काय काय लावलं जातं ते गावाला माहीत आहे. म्हणून 'उन्हाळी वाचन सक्तीचे' असं परिपत्रक कृपा करून कुणी काढू नका. पुस्तकासोबत फोटो काढा, लिंक भरा, दुपारी चारपर्यंत अहवाल द्या, असं झालं की वाचन मेलंच म्हणून समजा.

मागणं साधं आहे. केंद्राच्या शिक्षण परिषदेत महिन्याला एक तास माहिती भरण्यातून काढा आणि कुणीतरी वाचलेल्या एका पुस्तकावर बोलू द्या. दुसरं, त्याच कायद्याच्या अनुसूचीत प्रत्येक शाळेला वाचनालय सांगितलंय, वर्तमानपत्र, मासिकं आणि गोष्टींची पुस्तकं असलेलं. पुस्तकं येतात, डेडस्टॉक रजिस्टरला चढतात आणि तिथंच राहतात. कारण फाटलं तर वसुली माझ्याकडून, ही भीती. मुलांनी वाचून फाडलेल्या पुस्तकाचं निर्लेखन मुख्याध्यापकांना स्वतःच्या सहीनं करता येईल, एवढी एक ओळ शिक्षण विभागानं लिहून द्यावी. पुस्तक वापरून फाटलं ही तक्रार असूच शकत नाही.

गावानंही थोडं करावं. मे महिन्यात पन्नास पुस्तकांची एक पेटी मारुतीच्या पारावर किंवा अंगणवाडीत ठेवा. सातवी-आठवीतली एखादी चुणचुणीत पोरगी वहीत नोंद ठेवेल, बक्कळ चांगली ठेवेल. बाईंच्या गावात यंदा सरपंचांनी हो म्हटलंय. पुस्तकं बाई निवडून देणार आहेत, सावलीची जबाबदारी सरपंचांची.

ओळखीतल्या एखाद्या गुरुजींना किंवा बाईंना आज फोन करा आणि सध्या काय वाचताय एवढंच विचारा. काही वाचत नसतील तर रागावू नका, एक पुस्तक नेऊन द्या. आणि शाळेच्या कपाटाची किल्ली सुट्टीत कुणाकडे आहे तेही विचारून ठेवा. कमेंटमध्ये गावाचं नाव आणि 'उघडलं' एवढं लिहिलंत तरी पुरे. जूनमध्ये त्याची बातमी करतो.